उपसरपंचपदाची सहल

पुण्याची माझी नणंद फोन करते तेव्हा तब्येतीच्या आधी राजकारण विचारते. "काय गं वहिनी, तुमच्याकडे पण तसंच असतं का?" तसंच म्हणजे रोज संध्याकाळी ती बघते त्या मालिकेत असतं तसं. मी एका गावची ग्रामपंचायत सदस्य आहे, एवढ्या कारणावरून तिला वाटतं की मीही दिवसभर जिन्यावरून खाली उतरत कुणाकडे तरी रोखून बघत असते. आमच्या घराला जिना आहे, पण तो गच्चीवर जातो आणि त्यावर कांद्याच्या गोण्या रचलेल्या असतात.

आमचं गाव घोडनदीच्या काठाला, शिरूरला कंटाळा आला की दौंडला जावं अशा अंतरावर. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, सासऱ्यांना घरातलं कुणीतरी उभं करायचंच होतं, आणि बारावी झालेली बाई घरात मी एकटीच. माझे मालक रांजणगावच्या एका कंपनीत पाळीवर जातात, त्यामुळे माझ्या वतीने मिरवायला त्यांना वेळ नव्हता. अशी मी राजकारणात आले. मालिकेत याला 'नियतीने घातलेली साद' म्हणतात.

त्या मालिका मी आवडीने बघते, हे आधीच सांगते. फक्त मला एक कळत नाही, त्यांच्यातल्या पुढाऱ्याला कधी व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाबद्दल फोन कसा येत नाही? मला सकाळी पहिला फोन तोच येतो. पाणी आलं नाही, गेल्या खेपेला फक्त खालच्या आळीला आलं, आलं ते गढूळ आलं. मग दाखला. मग खांबावरचा दिवा. मालिकेत कुणी तहकूब सभा दाखवत नाही. आमच्याकडे ग्रामसभेला पुरेशी माणसं जमत नाहीत म्हणून ती तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला पुन्हा तेवढ्या माणसांची गरज नसते, म्हणून लोक पहिल्या सभेला मुद्दामच येत नाहीत. दुसऱ्या खेपेला चहा होतो आणि सगळे ठराव पाठोपाठ मंजूर होतात. याला पार्श्वसंगीत काय लावणार?

पण एक गोष्ट मालिकेत असते आणि आमच्याकडेही असते, ती म्हणजे मतं पळवून नेणं. तिकडे आमदार विमानाने जातात. आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरने गेलो.

झालं असं. आमच्या गटात उपसरपंचपद वाटून घ्यायची बोली होती. एकाने काही महिने करायचं, राजीनामा द्यायचा, मग दुसऱ्याने. पहिल्याने कुरकुरत का होईना राजीनामा दिला आणि पाळी आली आक्काची.

आक्का म्हणजे धनगरवस्तीवरून निवडून आलेली आमची सदस्य. वयाने आमच्या सगळ्यांपेक्षा मोठी, तिच्या लहानपणी घरचे मेंढरं घेऊन हिंडायचे, आता ऊस आणि चार म्हशी. सही करते, पण सही करताना जीभ बाहेर येते. तिला उपसरपंच का व्हायचं होतं ते तिने मला ग्रामपंचायतीच्या ऑफिसात एकदा सांगितलं होतं. तिथे भिंतीवर निळा बोर्ड आहे, त्यावर आजवरच्या सरपंच-उपसरपंचांची नावं पांढऱ्या रंगात लिहिलेली आहेत. आक्का त्या बोर्डाखाली बसून वर बघत होती.

"घरावर सासऱ्याचं नाव हाय," ती म्हणाली. "सातबाऱ्यावर पोराचं. ट्रॅक्टरवर नातवाचं. म्हशीला बी दूधसंघात पोराच्याच नावानं वळखत्यात. माजं नाव एकदाच कुठंतरी लागलं, मतदानाच्या मशिनीवर. तर ती मशीन संध्याकाळी घिऊन गेले की."

मी हसले. ती हसली नाही. तेव्हापासून मला मनापासून वाटायला लागलं की या बाईचं नाव त्या बोर्डावर लागलंच पाहिजे. राजकारणात मला त्याआधी इतकं जोरात काही वाटलं नव्हतं.

अकरा मतांपैकी सात आमची होती आणि चार समोरच्यांची. समोरचा उमेदवार आमच्या आप्पांचा मेव्हणा. आप्पा म्हणजे आमच्या गटाचे नेते, आम्हा सातांतलेच एक. मालिकेत शत्रू म्हणजे वेगळ्या बंगल्यातला, काळा चष्मा घातलेला माणूस. आमच्या गावात समोरचं पॅनेल म्हणजे ज्याच्याकडे आपण परवाच जागरण-गोंधळाला जेवून आलो तो. सात विरुद्ध चार असताना पळवापळवीचं काही कारण नव्हतं. पण आप्पांचं म्हणणं पडलं की सहलीला न गेलेल्या माणसाची गावात किंमत राहत नाही. निघण्याच्या दिवशी त्यांनी खंडोबाच्या देवळात सगळ्यांना शपथेचा बेल-भंडारा उचलायला लावला. हातात ताट घेऊन ते एकेकापुढे आले, आम्ही चिमूट उचलून कपाळाला लावली आणि म्हणालो, "मत आक्काला." आक्कानेसुद्धा चिमूट उचलली, पण ती तोंडातल्या तोंडात काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही.

सदस्यांत निम्म्या बायका, त्यामुळे बायकांबरोबर नवरे आले, नवऱ्यांबरोबर पोरं आली, आणि पोरांना गाडी लागते म्हणून लिंबं आणि आवळ्याच्या गोळ्या आल्या. फुटू नयेत म्हणून ज्यांना लपवून न्यायचं ते सात जण कुठे बसलेत ते शोधावं लागत होतं. पहिल्या सीटवर आप्पांच्या मंडळी बसल्या, म्हणजे विरोधी उमेदवाराची सख्खी बहीण. आप्पांनी सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा केले, कडक आवाजात सांगितलं की कुणालाही पत्ता कळता कामा नये, आणि मग ती पिशवी सांभाळायला बायकोकडे दिली. वरवंड गाव यायच्या आत मंडळींनी आपल्या भावाला फोन लावला आणि म्हणाल्या, "आमी कोकणात चाललोय रं. म्हशीला पेंड घाल आठवणीनं."

ताम्हिणी घाटात आक्काने खिडकीतून एका उताराकडे बोट दाखवलं. "हितनं खाली उतरायची आमची मेंढरं," ती म्हणाली. आम्ही बाकीच्या बायका समुद्र पहिल्यांदाच बघायला निघालो होतो, ती लहानपणी दर वर्षी कोकणात पायी जायची. वाळूवर उतरल्यावर आम्ही पदर खोचून पाण्यात गेलो, ओरडलो, पडलो. ती काठावर उभी राहून म्हणाली, "एवढं पानी, आन् मेंढराला तोंड लावाया उपेग न्हाई." मग चपला हातात घेऊन तीही आली. मला सांगायला जरा लाज वाटते, पण फितुरी टाळण्यासाठी केलेले ते दिवस माझ्या लग्नानंतरच्या सगळ्यात सुखाच्या दिवसांपैकी होते. कुणी माझ्याकडे भाकरी मागितली नाही. व्हॉल्व्हचा फोन आला नाही, कारण फोन पिशवीत होता.

राहायच्या ठिकाणी जेवणाच्या हॉलमध्ये टीव्ही होता. संध्याकाळी लवकर जेवून आम्ही सगळे त्याच्यापुढे बसायचो आणि तीच मालिका लागायची. योगायोग असा की तिच्यातही मतं पळवून नेली होती. तिकडची मंडळी पंचतारांकित हॉटेलात होती, कुणी जेवत नव्हतं, सगळे काचेच्या खिडकीपाशी उभे राहून पाठमोरे बोलत होते. माझे मालक म्हणाले, "ह्यांना कुनी ताट का वाढत न्हाई?" आम्ही तेव्हा सोलकढी पीत होतो.

एका दिवशीच्या भागात नायिकेची परीक्षा होती. घराण्याची ती धाकटी सून, पक्षाचं नेतेपद तिला मिळायचं की तिच्या चुलत सासऱ्याला, यावर गुप्त मतदान होतं. तिच्या हातात मतपत्रिका आली. तिने पेन उचललं, कॅमेरा तिच्या डोळ्यांवर गेला, कपाळावर गेला, बांगड्यांवर गेला. आणि तिने फुली मारली ती चुलत सासऱ्याच्या नावावर. का, असं कुणीतरी विचारल्यावर ती म्हणाली, "स्वतःच स्वतःला मत देऊन मोठं होणं माझ्या सासूबाईंनी मला शिकवलं नाही." मग मोजणी झाली आणि बाकी सगळी मतं तिला, चुलत सासऱ्याचंसुद्धा. सगळे उभे राहिले. टाळ्या.

"बाई लई मोठ्या मनाची," आक्का म्हणाली.

"टीव्हीत सगळ्यांचीच मनं मोठी असत्यात," आप्पा म्हणाले आणि सगळे हसले. आप्पांच्या मंडळी मात्र हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. "माजा भाऊ पडला तर पडू द्या," त्या म्हणाल्या, "पर चारच मतं म्हंजी लई आपटल्यागत व्हतंय. सासुरवाडीत त्यानं तोंड कसं दावायचं?" तसं बघायला गेलं तर आम्ही त्याच कामासाठी आलो होतो.

मतदानाच्या दिवशी आमची गाडी थेट ग्रामपंचायतीपुढे थांबली. अंगणात पोरं जमली होती. आक्का नवी हिरवी नऊवारी नेसली होती. मालिकेत अशा वेळी सभागृह असतं, आमच्याकडे ते ऑफिस आहे, एका कोपऱ्यात जुना पंप आणि पोषण आहाराची भांडी. समोरच्यांनी गुप्त मतदान मागितलं. चिठ्ठ्या वाटल्या, एकेकाने पडद्यामागे जाऊन फुली मारली, पडदा म्हणजे ग्रामसेवकांनी उघडलेलं कपाटाचं दार. आक्का दाराआडून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा देवदर्शन करून आल्यासारखा दिसत होता. मला वाटलं, चला, झालं काम.

मोजणी झाली. मेव्हण्याला सहा, आक्काला पाच.

कुणाला आधी खरं वाटेना. मेव्हण्यालाही वाटेना. तो बिचारा पडायच्या तयारीने आला होता, त्याच्याकडे गुलालसुद्धा नव्हता. त्याच्या पोरांनी आप्पांच्या घरी येऊन आमचं गुलालाचं पोतं मागितलं आणि आप्पांच्या मंडळींनी ते देऊनही टाकलं. आमच्या विजयाचा गुलाल आमच्याच दारावरून वाजतगाजत गेला.

आम्ही सात जण आप्पांच्या पडवीत बसलो. नवरेही आले. आता मालिका सुरू झाली, आणि या वेळी खरोखरची. सातांतली दोन मतं फुटली, तर ती कुणाची? माझे मालक म्हणाले, फोन कुणाकुणाला गेले ते काढा. दुसरा म्हणाला, कोकणात आईस्क्रीम आणायला कोण एकटं गेलं होतं? तिसऱ्याने पुन्हा भंडारा उचलायची मागणी केली. एकमेकांकडे असं बघणं चाललं की मला माझ्या शेजारणीचासुद्धा संशय यायला लागला, जिने त्याच सहलीत माझे केस विंचरून दिले होते. दोघंजण उठून उभे राहिले होते, एकाने दुसऱ्याची कॉलर धरायची बाकी होती.

आक्का कोपऱ्यात पोत्यावर बसली होती. ती म्हणाली, "बसा खाली. त्यातलं एक माजं हाय."

उभे होते ते बसले.

"तुजं म्हंजी?" मीच विचारलं.

"म्हंजी मी त्याच्या नावावर मारली फुली." तिने पदर नीट केला. "हातात चिठ्ठी आली तवा माजंच नाव दिसलं. म्हनलं, आपल्याच हातानं आपल्याच नावावर कशी मारायची? हावरटावानी दिसतं. सात हायती आपली, एकानं काय व्हतंय? सहा-पाच. यायचे मी निवडून. देवापुढं बी मी माजं नाव न्हवतं घेतलं. खंडोबाला म्हनले, मत देईन ते चांगल्या मनानं देईन."

मला राग आला आणि हसूही आलं. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं आणि चारपाच तोंडांतून एकच प्रश्न निघाला: मग दुसरं कुणाचं?

आप्पांनी मात्र तो विचारला नाही. ते आत बघून म्हणाले, "जाऊ द्या आता. झालं ते झालं. च्या टाक गं."

मालिकेत या जागी चेहरा तीनदा जवळून दाखवतात आणि वीज कडाडते. आमच्याकडे म्हैस ओरडली. आक्का आप्पांकडे बघत होती.

"आप्पा," ती शांतपणे म्हणाली, "तुमी भंडारा उचलला व्हता का?"

आप्पांनी टोपी काढून हातात धरली. "मी ताट धरलं व्हतं, आक्का," ते म्हणाले. "ताट धरनाऱ्यानं कधी उचलायचा?" मग त्यांचा आवाज खाली आला. "घरात रोज रडू चालू व्हतं. म्हनलं, एक मत द्यावं, चाराचे पाच व्हतील, त्याची बी इज्जत ऱ्हाईल. तुमी तर येनारच व्हता. सहा-पाच."

"मला बी तसंच वाटलं," आक्का म्हणाली.

झालं. हाच आमचा कट. ना कुणी बॅग दिली, ना कुणी कुणाला धमकावलं. दोन माणसांनी एकमेकांना न सांगता एकेक मत माणुसकीत दिलं, आणि दोघांच्या माणुसकीत मिळून आक्का पडली. मालिका लिहिणाऱ्याला मी ही गोष्ट सांगितली तर तो विचारेल, खलनायक कोण? मी काय सांगू, चहा घेऊन आलेल्या आप्पांच्या मंडळी? त्यांनी पहिला कप आक्काला दिला आणि स्वतः तिच्या पायाशी बसून रडल्या. भाऊ निवडून आल्याबद्दल इतकं रडलेली बहीण मी दुसरी पाहिली नाही.

मी मात्र आप्पांवर चिडले, आणि अजून चिडलेली आहे. आक्काच्या चुकीत नुसता भाबडेपणा होता. आप्पांना गणित येत होतं, ताट कुणी धरायचं हेही त्यांनीच ठरवलं होतं. भर पडवीत मी त्यांना तसं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर माझे मालक म्हणाले, "तू अगदी त्या मालिकेतल्या बाईसारखी बोललीस." तेव्हा मी त्यांच्यावरही चिडले.

काही दिवसांनी पेंटर आला. मी दाखल्यांसाठी ऑफिसात होते, आक्का पाण्याची तक्रार घेऊन आली होती. निळ्या बोर्डावर तो मेव्हण्याचं नाव लिहीत होता. आक्का खाली उभी राहून एकेक अक्षर उमटताना बघत राहिली. पेंटरने नाव पूर्ण करून ब्रश पुसला. तिने विचारलं, "खाली जागा हाय का रं अजून?" तो म्हणाला, हाय की. मग ती पाण्याचं बोलायला ग्रामसेवकांकडे वळली. मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर चिंचेखाली जाऊन थांबले. भिंतीवरची वीतभर जागा तर मागितली होती बाईने, आणि आम्ही सगळे तिच्या बाजूचे असून ती तिला देता आली नाही.

नणंदेचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शी, हे काही खरं वाटत नाही."

परवा दुपारी आक्का माझ्याकडे आली होती. तिचा मुलगा डिशचं रिचार्ज करायचं विसरला की ती येते. मी बियाण्याच्या शेंगा फोडत होते, तीही मूठभर ओढून बसली. टीव्हीवर त्याच मालिकेचे जुने भाग लागलेले. तोच भाग लागला. नायिकेच्या हातात मतपत्रिका आली, पेन वर गेलं, कॅमेरा डोळ्यांवर, कपाळावर, बांगड्यांवर. मला वाटलं उठून बंद करावं, पण रिमोट आक्काच्या बाजूला होता.

आक्का शेंग फोडायची थांबली. पुढे सरकली.

"मार की गं तुज्या नावावर!" ती टीव्हीला ओरडून म्हणाली. "कोन बघतंय तुला? मार!"

नायिकेने ऐकलं नाही. फुली चुलत सासऱ्याच्या नावावर पडली. मोजणी झाली, सगळे उठून उभे राहिले, टाळ्या वाजल्या. आक्काने त्या टाळ्या पूर्ण होईपर्यंत बघितल्या.

"हिच्या गटात आप्पा न्हाई," ती म्हणाली. मग हातातली शेंग फोडून दाणे माझ्या सुपात टाकले. "पुढल्या बारीला मी माज्याच नावावर मारनार हाय. तुला आत्ताच सांगून ठिवते."